विनाअनुदानित मुलींची शाळा: फी, देणग्या आणि दोनशे बदाम

केतकी_बन

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, थोडं सविस्तर लिहिते.

ज्या शाळेत शिकले त्याच शाळेच्या संस्थेवर मला घेतलंय. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. फक्त मुलींची शाळा, पहिली ते दहावी, सेमी-इंग्रजी, पूर्ण विनाअनुदानित. म्हणजे बाईंच्या पगारापासून खडूच्या डब्यापर्यंत सगळं फीमधून. एकेकाळी पट पाचशेच्या वर होता, आता साडेतीनशेच्या आसपास आहे. गावात दोन नव्या इंग्रजी शाळा निघाल्या, त्यांच्या पिवळ्या बस दारापर्यंत येतात.

दिवाळीपर्यंत निम्मी फीसुद्धा जमा होत नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या राखीव जागांवरच्या, मुलींचे सरकारकडून यायचे पैसे थकलेत. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा-वीस तारखेला होतात. वरच्या मजल्यावरचे वर्ग पावसाळ्यात गळतात म्हणून बंद ठेवावे लागतात. संस्थेत तीन मतं आहेत: फी वाढवा, मुलगे घ्या, किंवा माजी विद्यार्थिनींकडून देणग्या आणा. तिसरं काम माझ्या गळ्यात. "तू व्हॉट्सॲपवर असतेसच, मग तूच बघ."

ग्रुपवर दोनशे जणी आहेत. शाळेचा जुना फोटो टाकला की बदामांचा पाऊस. छपराचं अंदाजपत्रक टाकलं की सामसूम.

तुमच्यापैकी कुणी अशा संस्थेत काम केलंय का? लोकांना नुसतं पैसे मागून भागत नाही हे दिसतंय, पण मग काय करायचं?

वडापाव

आधी ग्रुपवरचे सुविचार बंद करा. निम्मा प्रश्न सुटेल.

मोठ्या_बाई

केतकी, मी अशाच एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. देणग्यांचं नंतर बघू. आधी थकबाकीची यादी घेऊन बस आणि प्रत्येक मुलीच्या नावापुढे तिचा भाऊ कुठे शिकतो ते लिही.

आम्ही लिहिलं होतं. ज्या घरांची खरोखर ऐपत नव्हती त्यांची फी पन्नास-शंभर करत का होईना, येत होती. मोठी थकबाकी असायची ती भाऊ इंग्रजी शाळेत असलेल्या घरांची. तिकडे फीसाठी तगादा असतो, बस बंद होते, म्हणून तिकडचे पैसे आधी जातात. आपल्याकडे बाई ओळखीच्या, "पुढच्या महिन्यात देतो" म्हटलं की झालं. मुलींच्या शाळेला हे दुखणं जन्मापासून आहे आणि फी वाढवून ते बरं होणार नाही. वाढलेली फीसुद्धा तीच माणसं थकवतील.

निकाल अडवा असं मी मुळीच म्हणत नाहीये. बापाची शिक्षा लेकीला का? आणि तुमच्याकडे वर्गात उभं करून फी विचारत असतील तर ते उद्यापासून बंद करा. मुलगी घरी जाऊन बापाला काही बोलत नाही, ती शाळेत यायचं टाळते.

दुसरं, हप्ते कधी ठेवलेत? जून आणि ऑक्टोबर असणार. जूनमध्ये शेतकऱ्याचा पैसा पेरणीत गेलेला असतो. तुमच्या पट्ट्यात ऊस असेल तर कारखान्याची बिलं डिसेंबरनंतर जमा व्हायला लागतात. आम्ही मोठा हप्ता जानेवारी-फेब्रुवारीत नेला आणि जूनला नावापुरती रक्कम ठेवली. पहिल्या वर्षी पगाराची ओढाताण झाली, पण मार्चअखेरची बाकी बरीच उतरली. नोकरदार पालकांना महिन्याचा हप्ता द्या. सगळ्यांना एकच वेळापत्रक कशाला?

त्रस्त_बाप

दुसरी बाजू मांडतो. माझी मुलगी अशाच एका शाळेत आहे, नाव घेत नाही. आम्हाला वर्षातून दोनदा बोलावतात, एकदा फी वाढल्याचं सांगायला आणि एकदा स्नेहसंमेलनाची वर्गणी मागायला. हिशोब विचारला की "आम्ही सगळं धर्मादाय कार्यालयात देतो, तिथे बघा". मी रजा टाकून जिल्ह्याला जाऊन बघू का?

महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे, २०१४ पासून लागू. शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा. त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची, निम्म्या महिला हव्यात. फीचा प्रस्ताव सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा. एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. आमच्या शाळेत चिठ्ठ्या काढल्याचं कागदावर आहे. चिठ्ठ्या मात्र कुणी पाहिल्या नाहीत. समितीत दरवर्षी तेच चेहरे, एकजण संस्थाचालकांचा साडू.

केतकीताई, रागावू नका, पण तुमच्याकडे समिती चिठ्ठीने निघते का?

केतकी_बन

@त्रस्त_बाप, रागवायचं काय त्यात. विचारून घेतलं. "गावात कोण हुशार पालक आहेत ते आम्हाला माहीत आहे, चिठ्ठी कशाला" असं उत्तर मिळालं.

@मोठ्या_बाई, भाऊ कुठे शिकतो ही यादी करायला बसलोय. तुम्ही म्हणता तसंच निघतंय. एका घरातला मुलगा पिवळ्या बसमधून जातो, मुलगी आमच्याकडे, दोन वर्षांची बाकी. वडील अगदी प्रेमळ गृहस्थ.

जमाखर्च

चार्टर्ड अकाउंटंट आहे, दोन-तीन शैक्षणिक न्यासांचं काम बघतो. त्रस्त_बाप यांनी सांगितलेलं बरोबर आहे. फक्त एक भर: समिती आणि व्यवस्थापन यांच्या आकड्यांत पंधरा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे नेता येतं. पालकांना थेट जायचं असेल तर नंतरच्या दुरुस्तीने पंचवीस टक्के पालकांची अट घातली आहे. साडेतीनशे पालकांतले नव्वद गोळा करा म्हणजे कळेल ती अट किती जड आहे.

आता देणग्या. यात गोंधळ फार होतो म्हणून जरा लांबण लावतो.

प्रवेशाशी जोडलेली देणगी चालत नाही. १९८७ चा कॅपिटेशन फीविरोधी (प्रवेशासाठी जादा पैसे घेण्याविरुद्धचा) कायदा आहेच, आरटीईतही बंदी आहे. "ऐच्छिक" असं पावतीवर छापून आणि प्रवेशाच्या खिडकीतच पैसे घेऊन ती ऐच्छिक होत नाही. त्यामुळे चालू पालकांकडून देणगी घेताना प्रवेशाच्या दिवसांपासून लांब राहा.

दोन हजारांवर रोख देणगी दिली तर देणगीदाराला ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सवलत मिळत नाही. वस्तूंच्या देणगीलाही मिळत नाही, मग पंखा द्या की संगणक. संस्थेने वर्षभराच्या देणगीदारांची यादी पॅन किंवा तत्सम ओळख क्रमांकासह आयकर खात्याला कळवायची असते, त्यावरून देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलतात, म्हणून जुना नमुना डोळे मिटून वापरू नका.

गुप्तदान हा आपल्याकडचा आवडता प्रकार. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यातली जी रक्कम मोठी असेल तिच्यावर गेल्या की वरच्या रकमेवर तीस टक्के कर. देवळाला वेगळे नियम आहेत, शाळेला नाहीत. तेव्हा "माझं नाव नको" म्हणणाऱ्या आजींना सांगा, नाव फलकावर नको, वहीत हवं.

आणि आता बऱ्याच नोकरदार मुली नव्या करप्रणालीत आहेत. तिथे ८०जीची सवलतच नाही. "कर वाचेल" या मुद्द्यावर त्यांच्याकडून पैसे मागू नका, त्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

वडापाव

रस्त्याच्या बाजूने दुकानगाळे काढा, भाड्यावर पगार निघतील. आमच्या गावातल्या शाळेने काढलेत. खाली मोबाईल दुरुस्ती, वर भूमिती.

जमाखर्च

@वडापाव, सार्वजनिक न्यासाची बिनशेतीची जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, कलम ३६. विक्रीलाही तेच. गाळे काढून पोटभाडेकरू घुसले आणि शाळा कोर्टात अडकली, हे मी जवळून बघतोय.

न्यूजर्सीची_माहेरवाशीण

मी अशाच एका मुलींच्या शाळेची माजी विद्यार्थिनी. आमच्या बॅचच्या पाचजणी इकडे आहोत. पैसे द्यायची इच्छा आहे, पण शाळेच्या खात्यावर थेट टाकले तर चालतात का? मागे एकदा शाळेने "पाठवा, काही होत नाही" म्हटलं होतं. आम्हीच थांबलो.

जमाखर्च

बरं झालं थांबलात. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर तुम्ही कुठेही राहा, तुमच्या कमाईतून दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय, मग हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असो की नसो. अशी देणगी घ्यायला शाळेकडे एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. लहान शाळेने यासाठी नोंदणीच्या मागे लागावं का? मला नाही वाटत. पाचजणींतल्या भारतीय पासपोर्टवाल्या किती ते बघा, त्यांच्याकडून पासपोर्टची प्रत आणि एक पत्र घेऊन ठेवा.

न्यूजर्सीची_माहेरवाशीण

दोघी. बाकी तिघींनी गेल्याच वर्षी शपथ घेतली. 😄

जुना_कागद

परदेशातल्या पैशांचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जातो.

पंडिता रमाबाईंसाठी बॉस्टनमध्ये १८८७ च्या डिसेंबरात रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं खर्च द्यायचं कबूल केलं. त्या बळावर १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवा आणि मुलींची निवासी शाळा सुरू झाली, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. इथल्या सल्लागार मंडळावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी माणसं होती. पैसा तिकडचा, शब्द इकडचा. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद पेटला, मंडळाने अंग काढून घेतलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. शाळा मात्र बंद पडली नाही, कारण तिची तिजोरी पुण्यात नव्हतीच. मला यात दोन्ही गोष्टी दिसतात. गावाच्या पैशावर असती तर त्या वर्षीच कुलूप लागलं असतं. आणि गावाचा पैसा असता तर गावाला एवढ्या सहज मुली उचलून नेता आल्या असत्या का, कोण जाणे. दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, याचा विचार मात्र बाईंनी आधीच केला होता. केडगावची जमीन घेतली ती फळबागेचं उत्पन्न हाताशी असावं म्हणूनच.

अण्णासाहेब कर्व्यांची तऱ्हा निराळी. १८९६ ला विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम निघाला. रावबहादुर गणेश गोविंद गोखल्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला सहा एकर जागा आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले, १९०० मध्ये आश्रम तिकडे गेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि हिंगण्याला पायी जायचं, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पुढे विठ्ठलदास ठाकरसींनी महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिले आणि १९२० मध्ये त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. पण पंधरा लाखवाला एखादाच. हिंगण्याच्या संस्थेला घराघरात पोहोचवलं ते भाऊबीज निधीने. दिवाळीत कार्यकर्त्या दारोदार जाऊन ओवाळणी मागायच्या. रक्कम किरकोळ, पण देणारा स्वतःला त्या मुलींचा भाऊ समजायचा. भावाला नुसती पावती देऊन चालत नाही, त्याला बहिणीचं कसं चाललंय ते सांगावं लागतं.

त्रस्त_बाप

जुना_कागद, छान लिहिलंत. पण आजचे भाऊ बहिणीचा जमाखर्च मागतात.

जुना_कागद

मागू देत की.

टेम्सकाठी

लंडनहून. आमची मुलगी इथल्या खासगी मुलींच्या शाळेत आहे. इकडेही रडगाणं तेच, फक्त चलन वेगळं. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला, त्याच वर्षी एप्रिलपासून इंग्लंडमधल्या धर्मादाय खासगी शाळांची स्थानिक मालमत्ताकरातली सूटही गेली. मुलांच्या जुन्या शाळांकडे कित्येक शतकांच्या जमिनी आणि ठेवी आहेत. मुलींच्या बहुतेक शाळा एकोणिसाव्या शतकात उशिरा निघाल्या, त्यामुळे फी हाच त्यांचा श्वास.

गंमत म्हणजे इथल्या मुलींच्या शाळांची एक मोठी संस्था १८७२ मध्ये चक्क कंपनी म्हणून सुरू झाली. शेअर विकून भांडवल उभं केलं आणि १८७३ मध्ये चेल्सीत पहिली शाळा काढली. ती आता धर्मादाय न्यास आहे, गर्ल्स डे स्कूल ट्रस्ट. आमच्या शाळेत गरीब मुलींच्या फीसाठी वेगळा निधी आहे आणि त्यातून किती मुली शिकल्या हे दरवर्षी छापून येतं, अर्थात नावं न देता. इमारतीच्या निधीपेक्षा लोक त्याला पटकन देतात असं माझं निरीक्षण.

वडापाव

मग मुलगेच घ्या ना. एवढा सगळा खटाटोप कशाला? पट वाढला की विषय संपला.

मोठ्या_बाई

पट वाढेल असं कुणी सांगितलं? मुलामुलींची एकत्र शाळा ज्यांना हवी त्यांच्यासाठी गावात दोन आहेत, वर बससकट. तुम्ही तिसरी, बस नसलेली. आणि आज जे पालक "फक्त मुलींची आहे म्हणून" आठवीनंतरही शिकू देतात, ते काय करतील? आमच्याकडे वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या किती तरी मुलींचं शिक्षण या एका अटीवर चालू होतं. ही अट चांगली आहे का? नाही. मला ती कधीच आवडली नाही. पण त्या अटीवर मुली दहावी झाल्या, नर्सिंगला गेल्या, दोघी पोलिसात गेल्या.

घाटावरची

मोठ्या बाईंशी सहमत नाही. "मुली सुरक्षित राहतात" या भीतीवर शाळा चालवायची आणि भीती कमी झाली की पट घसरला म्हणून रडायचं. मुलींची शाळा असण्याचं दुसरं कारण द्या. आमच्या शाळेत प्रयोगशाळेत उपकरणाला हात लावायला मिळायचा, कारण ओढून घ्यायला कुणी मुलगा नव्हता. खो-खोचं मैदान सगळं आमचं. पालकांना हे सांगता का तुम्ही?

मोठ्या_बाई

हे पटलं. आम्ही सांगायचो नाही. पालकांना नेहमी कुंपण दाखवलं, प्रयोगशाळा दाखवलीच नाही.

केतकी_बन

उशिरा लिहितेय, मध्ये सहामाही परीक्षा आणि दिवाळी झाली. काय काय झालं ते सांगते.

खजिनदार काका (वय ऐंशीच्या घरात, पै-पैचा हिशोब तोंडपाठ, पण वहीला दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत) पहिल्यांदा ठाम नाही म्हणाले. "हिशोब भिंतीवर लावला तर लोक नावं ठेवतील." बऱ्याच चहांनंतर तयार झाले. मग एका मोठ्या कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरात: एका मुलीमागे वर्षाचा खर्च किती, फी किती, आरटीईचे सरकारने ठरवलेले १७,६७० किती मुलींचे यायचे आहेत, पगाराला किती जातात. शिक्षिकांची संमती घेऊन पगाराचा सरासरी आकडाही लिहिला. त्या आकड्यापुढे लोक सगळ्यात जास्त वेळ थांबले. एक ट्रॅक्टरवाले म्हणाले, "माझा ड्रायव्हर जास्त घेतो की."

नावंही ठेवली. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर एवढा खर्च का, यावर चांगलंच भांडण झालं आणि ते बरोबरच होतं. या वर्षी मंडप नाही, शाळेच्याच पटांगणात, दिवसा.

पालकसभा आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी घेतली. बाजाराला आलेल्या आया पिशव्यांसकट आल्या. कार्यकारी समितीची चिठ्ठी सगळ्यांसमोर पहिलीतल्या मुलीच्या हातून काढली. निघालेल्यांत एक शिवणकाम करणाऱ्या आहेत. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, गणवेश एकाच दुकानातून का? आता कापडाचा नमुना लावलाय, ज्याला जिथे शिवायचं तिथे शिवा.

माजी विद्यार्थिनी: "छपरासाठी मदत करा" हे बंद केलं. एकेका वर्गाचं वेगळं अंदाजपत्रक टाकलं, कुठल्या बॅचचा दहावीचा वर्ग कुठला होता ते लिहून. एका बॅचने आपला वर्ग उचलला, दुसऱ्या बॅचला राहवलं नाही. उरलेल्या वर्गांचं अजून काही नाही. पैसे न देऊ शकणाऱ्यांपैकी एक बँकेत आहे, ती दर शनिवारी काकांसोबत वह्या संगणकावर चढवतेय. काका तिला अजून जुनी वही घरी नेऊ देत नाहीत.

साखर कारखान्याकडे सीएसआरसाठी (कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च) अर्ज द्यावा का?

जमाखर्च

सहकारी कारखाना असेल तर तो कंपनी कायद्याखाली येत नाही, सीएसआरचं बंधन त्याला नाही. देणगी म्हणून मागा, अध्यक्षांची नात कुठे शिकते ते आधी बघून. खासगी कारखाना असेल आणि नफ्याच्या किंवा उलाढालीच्या मर्यादेत बसत असेल तर अर्ज करा, पण त्याआधी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (असा पैसा घ्यायला लागते ती) हवी.

त्रस्त_बाप

चिठ्ठी पहिलीतल्या मुलीच्या हातून. हा फोटो आमच्या मुख्याध्यापकांना पाठवू का?

केतकी_बन

पाठवा, फक्त मुलीचा चेहरा झाकून.

फी या वर्षी वाढवलेली नाही. पुढच्या वर्षाचा प्रस्ताव समितीपुढे ठेवलाय, समितीने दोन बाबी कापल्या, एक मान्य केली. पगार अजून वेळेवर नाहीत. पंधरा तारखेचे आठ तारखेवर आलेत. मुलगे घेण्याचा विषय मार्चच्या सभेत आहे आणि संस्थेतली मतं अजून निम्मी-निम्मी. @घाटावरची, प्रयोगशाळेचा दिवस ठरवलाय, पालकांसाठी, मुलीच प्रयोग करून दाखवणार. तुम्ही येता का?

घाटावरची

तारीख कळवा. मी रसायनशास्त्र शिकवते, येताना थोडं सामानही आणेन. वस्तूची देणगी, ८०जी नको. 😀

केतकी_बन

जमाखर्च काका, पावतीपुस्तकं जुन्या नमुन्याची पाच पडून आहेत, पॅनचा रकाना नाही. फेकायची का?

जमाखर्च

फेकू नका, खजिनदार काकांना झटका येईल. पॅन, पत्ता आणि देणगी कशासाठी एवढ्या तीन ओळींचा रबरी शिक्का करून घ्या, प्रत्येक पावतीच्या दोन्ही प्रतींवर मारा. देणगीदाराने "कायम निधीसाठी" म्हटलं असेल तर नुसता शिक्का पुरत नाही, त्याचं सहीचं पत्र घ्या आणि ती रक्कम वेगळ्या ठेवीत टाका. आणि मी चाळिशीतला आहे, काका नको.